‘तिसरे रूप’ : इंग्रजी भूतकालवाचक धातुसाधिताच्या अध्यापनाचा एक इतिहास

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसास ‘गो, वेन्ट, गॉन’ ही त्रयी आठवत नाही असे सहसा होत नाही. पाढ्यांप्रमाणे, किंवा ‘रामः रामौ रामाः’ या रूपावलीप्रमाणे, ती एका सुरात म्हणावयाची असते; आणि ती म्हणता आली की इंग्रजीचा एक अवघड घाट चढून गेल्याचे समाधान विद्यार्थ्यास व शिक्षकास सारखेच होते. तथापि ज्या विद्यार्थ्याने ‘राइट, रोट, रिटन’ ही रूपे तोंडपाठ म्हणून दाखविली, तोच निबंध लिहू लागला की ‘आय हॅव रोट’ असे लिहून मोकळा होतो. शिक्षक तांबड्या शाईने ते खोडतो, पाठांतर कच्चे आहे असे निदान करतो आणि पुन्हा तीच त्रयी दहा वेळा लिहावयास सांगतो. हे निदान बरोबर आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अध्यापनपद्धतीवरील पुस्तकांपेक्षा या रूपाच्या इतिहासात अधिक सापडते, असे मला वाटते.

प्रथम नावाविषयी. इंग्रजी व्याकरणकार ज्यास ‘पास्ट पार्टिसिपल’ म्हणतात त्यास आपल्याकडे ‘भूतकालवाचक धातुसाधित विशेषण’ असे भारदस्त नाव आहे. शाळेत ‘क्रियापदाचे तिसरे रूप’ म्हणतात आणि शिकवणीच्या वर्गात नुसते ‘व्ही-थ्री’. यांपैकी पहिली दोन नावे विद्यार्थ्याची दिशाभूल करतात. ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो’ या वाक्यात ‘रिटन’ आहे, पण भूतकाळाचा गंधही नाही. ही अडचण ओळखूनच ऑटो येस्पर्सनने काळाचा उल्लेख टाळून ‘दुसरे धातुसाधित’ अशी संज्ञा वापरली. १९५७ साली चॉम्स्कीने ‘सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये ‘हॅव’ व ‘बी’ यांच्यामागून येणाऱ्या या प्रत्ययास ‘एन’ असे चिन्ह देऊन भूतकाळाच्या प्रत्ययापासून त्याची फारकत केली, आणि १९८५ च्या क्वर्कप्रभृतींच्या बृहद्‌व्याकरणात ‘एड-पार्टिसिपल’ हे नाव आले. संस्कृताच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. पाणिनीने ‘क्त’ व ‘क्तवतु’ या प्रत्ययांस ‘निष्ठा’ ही काळनिरपेक्ष संज्ञा दिली. निष्ठेचे विधान भूतकाळी केले खरे, पण इच्छा, ज्ञान व पूजा या अर्थांच्या धातूंना हाच ‘क्त’ वर्तमानकाळीही लागतो, हेही त्याने नोंदवून ठेवले. या दृष्टीने पाहता शाळकरी ‘तिसरे रूप’ हे नाव सर्वांत निरुपद्रवी होय. ते फक्त तक्त्यातील जागा सांगते. काळाविषयी खोटे काही सांगत नाही. पुढील विवेचनात मी तेच नाव वापरीन.

मग हा तीन रकान्यांचा तक्ता आला कोठून? इंग्रजीच्या प्रकृतीतून तो जसाच्या तसा निघालेला नाही. प्राचीन इंग्रजीतील सबल क्रियापदांना तीन नव्हे, चार मुख्य रूपे होती : मूळ धातुरूप, एकवचनी भूतकाळ, अनेकवचनी भूतकाळ आणि धातुसाधित. लिहिणे या अर्थी ‘रीतान’, ‘राट’, ‘रितोन’, ‘येरितेन’ अशी ती मालिका होती (आरंभीचा ‘व’ त्या काळी उच्चारला जाई, तो येथे सोडला आहे). स्वर बदलून काळ दाखविण्याची ही रीत सर्व जर्मानिक भाषांत आढळते. तिला ‘सबल’ हे नाव याकोब ग्रिमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिले, आणि ‘ड’कारान्त प्रत्यय लावून भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांस ‘दुर्बल’ म्हटले. इतिहासाने मात्र या नावांची थट्टा केली. प्राचीन इंग्रजीत तीनशेहून अधिक सबल क्रियापदे होती. आज त्यांतील सत्तरच्या आतबाहेर उरली आहेत. उरलेली एक तर व्यवहारातून गेली, नाही तर दुर्बलांच्या पंक्तीत जाऊन बसली. ‘हेल्प’चे आजचे ‘हेल्प्ड’ हे रूप अशा पक्षांतराचेच फळ आहे.

जी उरली त्यांच्यात मोठी उलथापालथ झाली. भूतकाळातील एकवचन व अनेकवचन हा भेद मध्ययुगीन इंग्रजीत लोपला. चार रूपांची तीन झाली. कोणत्या क्रियापदाने एकवचनाचा स्वर राखावा व कोणत्या क्रियापदाने अनेकवचनाचा, यास काही नियम राहिला नाही. ‘रोट’ हे जुन्या एकवचनापासून आले. ‘बिट’ मात्र एकवचनापासून येणे शक्य नाही, ते अनेकवचनाच्या किंवा धातुसाधिताच्या स्वरावर उभे आहे. ‘ड्रिंक’ व ‘सिंग’ यांच्या वर्गात तर अनेकवचनी भूतकाळ आणि धातुसाधित या दोहोंत एकच ‘उ’ स्वर होता. तेव्हा ‘ड्रँक’ आणि ‘ड्रंक’ यांच्यात इंग्रजांचाच गोंधळ उडाला, आणि आजही उडतो, यात आश्चर्य नाही. सांगावयाचा मुद्दा असा की, दुसरे व तिसरे रूप एकमेकांत मिसळण्याची ओढ या भाषेत मुळापासून आहे. दुर्बल क्रियापदांत ते मिसळणे पूर्ण झाले आहे : ‘वॉक्ड’ हे दुसरेही रूप आणि तिसरेही. इंग्रजी क्रियापदांचा फार मोठा भाग या जातीचा आहे. तीन भिन्न रूपे असलेली क्रियापदे मोजकी. फक्त ती नित्य वापरातील असल्यामुळे डोळ्यांत भरतात.

तीन रकान्यांची कल्पना लॅटिनच्या वर्गातून आली. लॅटिन शिकणारा इंग्रज मुलगा प्रत्येक क्रियापदाची मुख्य रूपे पाठ करीत असे. इंग्रजीचे व्याकरण लिहू लागलेल्या पंडितांनी तोच साचा घेतला. त्यांतील काही जणांपुढचा वाचक परकीय होता, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १५८० साली झाक बेलो याने लंडनमध्ये आश्रयास आलेल्या फ्रेंच निर्वासितांसाठी इंग्रजी शिकविणारे पुस्तक काढले. नाटककार बेन जॉन्सन याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. ते परक्यांच्या हितासाठी असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे. स्वर बदलणाऱ्या क्रियापदांचे वर्ग पाडण्याचा प्रयत्न जॉन्सनने त्यात केला. ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस याने १६५३ साली इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले, तेही युरोपातील परभाषिक वाचकांसाठी. इंग्रज मुलांस ‘रिटन’ कसे वापरावे हे सांगण्याची गरज पडेल असे तेव्हा कोणास फारसे वाटत नसावे.

ही गरज अठराव्या शतकात निर्माण झाली. १७६२ साली रॉबर्ट लौथ याचे ‘अ शॉर्ट इंट्रोडक्शन टु इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. लौथ हा हिब्रू काव्याचा पंडित, पुढे लंडनचा बिशप झाला. भूतकाळाचे रूप धातुसाधिताच्या जागी वापरण्याची चाल बोकाळली आहे, अशी त्याची तक्रार होती. आणि ही चाल अडाण्यांत नव्हे तर श्रेष्ठ ग्रंथकारांत दिसते, हे दाखविण्यासाठी त्याने मिल्टन, ड्रायडन, पोप, ॲडिसन यांच्या लेखनातील उदाहरणे तळटीपांत मांडली. म्हणजे आपला विद्यार्थी ज्या चुकीसाठी गुण गमावतो ती चूक इंग्रजीच्या मानदंड ठरलेल्या कवींनी छापील पृष्ठावर केलेली आहे. विशेष असे की, ही भाषेची सर्वसाधारण प्रवृत्ती आहे हे लौथने स्वतःच ओळखले होते. प्रवृत्ती ओळखूनही तिला त्याने भ्रष्टता ठरविले.

याच संदर्भात टॉमस ग्रेच्या विलापिकेचा दाखला देण्याजोगा आहे. महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेलेल्या या कवितेची पहिली आवृत्ती १७५१ साली निघाली, तेव्हा तिच्या शीर्षकात ‘रिटन’ नव्हते, ‘रोट’ होते : ‘ॲन एलेजी रोट इन अ कंट्री चर्चयार्ड’. पुढील आवृत्त्यांतून ते सुधारले गेले आणि आज आपण सुधारलेले शीर्षकच जाणतो. लौथच्या बाबतीतही अशीच गंमत आहे. इंग्रीड टीकेन-बून फान ओस्टाडे या डच विदुषीने त्याच्या व्याकरणावर २०११ साली ग्रंथ लिहिला. लौथच्या खाजगी पत्रव्यवहाराचा तिने केलेला अभ्यास असे दाखवितो की, घरच्या पत्रांत हा बिशप स्वतःही ‘रोट’ हे रूप धातुसाधितासारखे वापरीत असे. नियम सार्वजनिक लेखनासाठी होता. घरात तो पोहोचला नव्हता. मला लौथवर दांभिकतेचा आरोप करावयाचा नाही. औपचारिक व घरगुती अशी दोन वळणे प्रत्येक सुशिक्षिताच्या भाषेत असतात, आणि नियम बहुधा पहिल्यासाठी केले जातात.

लौथचा नियम जगभर नेला तो लिंडली मरे याने. मूळचा अमेरिकन वकील असलेला हा क्वेकर गृहस्थ इंग्लंडात यॉर्क येथे स्थायिक झाला होता. तेथील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले त्याचे व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात नवे थोडे आणि लौथपासून घेतलेले पुष्कळ आहे. पण शाळेत चालते ते पुस्तक स्वतंत्र प्रज्ञेचे असावे लागत नाही, नीटनेटके असावे लागते. मरेने लौथच्या तक्रारीचे रूपांतर पाठात केले. इंग्रज मुलासाठी योजिलेली ही शिस्त पुढे वसाहतींतील शाळांत गेली, आणि जॉन्सन-वॉलिस यांनी परभाषिकासाठी ठेवलेली वेगळी दृष्टी मागे पडली. मराठी मुलापुढे आलेले इंग्रजी व्याकरण हे इंग्रज मुलाची चूक सुधारण्यासाठी रचलेले होते. तो ज्या ठिकाणी अडखळतो त्या जागा वेगळ्या असू शकतील, हा विचार त्या परंपरेत नव्हता.

त्या जागा कोणत्या, हे पाहण्यासाठी आता मराठीकडे वळू. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी ग्रंथ लिहिला’. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, कारण ‘लिहिले’ हे मुळात क्रियापद नाहीच. ते विशेषण आहे. संस्कृतातील ‘मया पत्रं लिखितम्’ या रचनेतील ‘लिखित’ प्राकृतातून मराठीत उतरले, त्यास ‘ल’ची जोड मिळाली, आणि संस्कृताचे मूळ भूतकाळ नाहीसे होऊन त्यांच्या सिंहासनावर हे धातुसाधित बसले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत देशी भाषांच्या भूतकाळाची ही कुळकथा मांडली आहे, आणि झ्यूल ब्लॉक याच्या मराठीवरील ग्रंथात या ‘ल’ची सविस्तर चर्चा आहे. ‘केले’, ‘गेला’, ‘आला’, ‘मेला’ ही आपली अनियमित रूपे म्हणजे ‘कृत’, ‘गत’, ‘आगत’, ‘मृत’ यांचीच वंशावळ होय. ती कोणा मराठी मुलास तक्ता करून शिकवावी लागत नाहीत.

इंग्रजीत याच्या नेमके शेजारी काय घडले पाहा. प्राचीन इंग्रजीत ‘माझ्यापाशी मासा धरलेला आहे’ अशा धर्तीची रचना होती. ‘हॅव’ हे स्वामित्वाचे खरे क्रियापद होते आणि धातुसाधित हे माशाचे विशेषण असल्यामुळे त्यास कर्माप्रमाणे विभक्तिप्रत्ययही लागू शके. मराठीच्या ‘चिठ्ठी लिहिली’तील ईकार आणि त्या जुन्या इंग्रजी धातुसाधितावरील प्रत्यय, दोन्ही एकाच व्यवहाराचे साक्षीदार आहेत. पुढे वाटा फुटल्या. इंग्रजीत जुना भूतकाळ जिवंत राहिला, म्हणून धातुसाधितास ‘हॅव’च्या आश्रयाने राहावे लागले. मराठीत जुना भूतकाळच मेला, म्हणून धातुसाधित घरचा मालक झाले. परिणाम असा की, मराठीच्या ‘लिहिले’ आणि ‘लिहिले आहे’ यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. भेद केवळ ‘आहे’चा. मराठी मूल ‘लिहिले’ म्हणजे ‘रोट’ हे शिकते, मग ‘आहे’साठी ‘हॅव’ जोडते. ‘हॅव रोट’ ही विस्मृती नव्हे. ते निर्दोष अनुमान आहे. त्यास साक्ष इंग्रजीही देते, कारण ‘वॉक्ड’ व ‘हॅव वॉक्ड’ यांत तेच घडते. घरची भाषा आणि परकी भाषा दोन्ही एकच गोष्ट सांगत असताना तक्त्यातील तिसरा रकाना एकाकी पडतो, यात त्या मुलाचा दोष किती?

दुसरी जागा याहून गमतीची आहे. ‘तो आला आहे’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘ही इज कम’ असे करतो. मराठीत ‘हॅव’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. ‘असणे’च सर्व कामे करते. शिक्षक हे ‘इज’ खोडतो. परंतु गतिवाचक व अवस्थांतरवाचक अकर्मक क्रियापदांबरोबर ‘बी’ वापरण्याची रीत इंग्रजीत शतकानुशतके शुद्ध होती. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात ती पदोपदी आढळते, आणि एकोणिसाव्या शतकातही ती पुरती नष्ट झाली नव्हती. मुंबई इलाख्यातील मिशन शाळांत शिकणारा मुलगा सकाळच्या बायबलवाचनात ‘इज कम’ वाचीत असणार आणि दुपारच्या व्याकरणाच्या तासास त्याच शब्दांवर तांबडी रेघ पाहत असणार. त्याच्या मनात काय येत असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

तिसरी अडचण तक्त्यात दिसतच नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे. मराठीत ‘-लेला’ हे धातुसाधित जवळजवळ कोणत्याही क्रियापदापासून होते व कोणत्याही नामामागे बसते : लिहिलेले पत्र, आलेला पाहुणा, झोपलेले मूल, बसलेली बाई, हसलेला माणूस. इंग्रजीचे तिसरे रूप नामामागे इतके मोकळेपणी बसत नाही. सकर्मक क्रियापदांचे चालते : ‘अ रिटन लेटर’. ज्यांत कर्त्याची अवस्था कायमची पालटते अशा काही अकर्मकांचे चालते : ‘फॉलन लीव्ह्‌ज’, ‘अ रिटायर्ड जज्ज’. पण ‘द कम गेस्ट’ चालत नाही; तेथे पूर्ण गौण वाक्य घालावे लागते. आणि ‘झोपलेले मूल’ याचे ‘अ स्लेप्ट चाइल्ड’ केले तर हसे होते. इंग्रजी तेथे ‘स्लीपिंग’ मागते. बसणे, निजणे, टेकणे, लटकणे ही मराठीत क्रियेची पूर्तता आहे व तीतून उत्पन्न झालेली स्थिती ‘-लेला’ने दाखविली जाते, इंग्रजी त्याच स्थितीकडे चालू असलेली क्रिया म्हणून पाहते. पाणिनीने गत्यर्थक व अकर्मक धातूंना, आणि त्यांबरोबर निजणे, उभे राहणे, बसणे या अर्थाच्या धातूंना, कर्त्याच्या अर्थी ‘क्त’ लागतो असे जे वेगळे सांगितले आहे, ती आपल्या ‘बसलेला-निजलेला’ची पूर्वपीठिका होय. दोन भाषांचा खरा झगडा येथे आहे, आणि ‘स्लीप, स्लेप्ट, स्लेप्ट’ हजार वेळा घोकूनही तो सुटत नाही.

चौथीचा केवळ उल्लेख करतो. ‘मी काल पुण्यास गेलो होतो’ या सरळ मराठी वाक्यातील ‘होतो’मुळे ‘आय हॅड गॉन टु पूना येस्टर्डे’ जन्मास येते. येथे तिसरे रूप अचूक, पण काळ चुकला. गुणपत्रिकेत ही चूक बहुधा निसटते, कारण परीक्षकही मराठीच असतो.

एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वानांस या भेदांची जाणीव नव्हती असे मात्र नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा इंग्रजी व मराठी मजकूर दोन स्तंभांत शेजारी शेजारी छापला जाई. असे पत्र चालविणाऱ्यास ‘लिहिले’ व ‘लिहिले आहे’ यांचा इंग्रजी हिशेब प्रत्येक अंकास करावा लागत असला पाहिजे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. त्या व्याकरणपरंपरेत कर्तरि, कर्मणि व भावे प्रयोगांची जी दीर्घ चर्चा चालली आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त जी परिपक्व झाली, तिच्या मुळाशी हेच धातुसाधित आहे. शाळेत मात्र या दोन ज्ञानांची गाठ पडली नाही. मराठीच्या तासास मुलगा शिके की ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणि प्रयोग. पुढल्या तासास त्याचे इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ हे कर्तरि म्हणून शिके, आणि खरे कर्मणि करताना तिसरे रूप घ्यावे असे त्यास सांगितले जाई. दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून एक फळा वापरला असता तर फार काही सोपे झाले असते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली; रानडे व भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. इंग्रजी हे आता नोकरीचे व उच्च शिक्षणाचे दार झाले, आणि व्याकरणाची चूक ही दारावरची अडसर. या गरजेतून भाषांतरपद्धतीची पुस्तके आली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही त्यांत सर्वांत दीर्घायुषी. तिच्यावर हसण्याची पुढे प्रथा पडली, कारण तिच्यातील वाक्ये कधीकधी विचित्र असत. परंतु मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी करावयास लावणारी ती पद्धत दोन भाषांमधील भेदाच्या जागेवर विद्यार्थ्याचे बोट नेमके ठेवीत असे. नुसत्या तक्त्याहून तिची योग्यता मी अधिक मानतो. नेस्फील्डच्या व्याकरणांनी आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध पुस्तकाने सबल व दुर्बल क्रियापदांच्या लांबच लांब याद्या दिल्या. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील नोकर. ‘बो जेस्ट’ या साहसकथेचा लेखकही तोच. त्या याद्यांतील कित्येक रूपे विद्यार्थी जन्मात पुन्हा पाहत नसे.

विसाव्या शतकात पद्धतींची क्रांती झाली असे म्हणतात. १८८२ मध्ये जर्मनीत फीटोरने घोकंपट्टीविरुद्ध पुस्तिका काढली. १९०४ साली येस्पर्सनचा परभाषाध्यापनावरील ग्रंथ इंग्रजीत आला. टोकियोत हॅरल्ड पामरने आणि ढाक्यात मायकेल वेस्टने दोन वेगळ्या दिशांनी शब्द व रचना यांची मोजदाद केली. त्यातून निघालेली रचनापद्धती १९५० नंतर भारतात आली आणि १९५८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून तिचा प्रसार झाला. या पद्धतीत तिसरे रूप तक्त्यातून उतरून वर्गात चालू लागले : शिक्षक दाराकडे जातो, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ म्हणतो, उघडतो, व ‘आय हॅव ओपन्ड द डोअर’ म्हणतो. हे नाट्य चांगलेच परिणामकारक असते. पण त्यासाठी वापरली जाणारी क्रियापदे, उघडणे, बंद करणे, पुसणे, प्रायः नियमित. म्हणजे दुसरे व तिसरे रूप जेथे एकच आहे तीच. जी अडचण सोडवावयाची तीच टाळली जाई. शिवाय मराठीस वर्गाबाहेर ठेवण्याचा कटाक्ष असल्याने ‘लिहिले’-‘लिहिलेले’ हा विचार करण्याची सोयच उरली नाही.

१९६७ साली पिट कॉर्डर याने विद्यार्थ्यांच्या चुका या त्यांच्या मनातील नियमव्यवस्थेचा पुरावा आहेत असे प्रतिपादन केले, आणि १९७२ मध्ये सेलिंकरने त्या व्यवस्थेस ‘आंतरभाषा’ हे नाव दिले. ‘हॅव रोट’ पाहण्याची दृष्टी या दोघांनी बदलली, निदान विद्यापीठांतून. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर परिसरात प्रभू यांनी केलेल्या प्रयोगात व्याकरणाचा पाठ वगळून कार्याद्वारे भाषा शिकविण्याचा मार्ग चोखाळला गेला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. एवढे सर्व होऊन भिंतीवरचा तक्ता मात्र जागचा हललेला नाही. शिकवणीच्या वर्गांनी त्यास ‘व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री’ असे नवे कपडे चढविले इतकेच.

तक्ता फाडून टाकावा असे मी म्हणत नाही. तीन भिन्न रूपांची नित्याची क्रियापदे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ती कोणत्याही पोरास आठवड्यात पाठ होतात. आक्षेप इतकाच की, पाठांतर हे रूपाचे ज्ञान आहे, जागेचे नव्हे. जागा शिकविण्यासाठी मराठीतच एक साधन पडून आहे. ‘लिहिले’ हे दुहेरी आहे, पण ‘लिहिलेले’ हे कधीही स्वतंत्र भूतकाळ होत नाही. ‘मी पत्र लिहिलेले आहे’ असे मराठी म्हणू शकते. ‘मी पत्र लिहिलेले’ हे वाक्य नीट उभे राहत नाही, त्यास टेका लागतो. इंग्रजी ‘रिटन’चीही नेमकी हीच गत आहे. तेव्हा ‘हॅव’च्या मागे काय घालावे याची शंका येताच विद्यार्थ्याने मराठी वाक्यात ‘-लेला’ बसतो का ते पाहावे; बसला तर तिसरे रूप. माझ्या वर्गातील ज्या विद्यार्थ्यांस तक्ता पाठ असूनही हात अडखळत असे, त्यांस या कसोटीचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. याहून मोठा दावा करण्याइतकी निरीक्षणे माझ्यापाशी नाहीत.

कसोटीच्या मर्यादा उघड आहेत. कर्मणि रचनेत मराठी ‘लिहिले जाते’ असे म्हणते, तेथे ‘-लेला’ येत नाही. तेथे ‘जाणे’ हीच खूण शिकवावी लागते. आणि ‘झोपलेले मूल’ ही अडचण या कसोटीने सुटण्याऐवजी वाढते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी स्थितिवाचक क्रियापदांचा एक छोटा गट, बसणे, निजणे, उभे असणे, टेकणे, लटकणे, स्वतंत्रपणे घेऊन ‘येथे मराठी झालेले पाहते, इंग्रजी होत असलेले’ असे दोन-तीन चित्रांच्या साहाय्याने दाखवावे लागते. हा गट किती मोठा आहे, ‘नटलेली’, ‘रागावलेला’, ‘थकलेला’ यांपैकी कोण कोणत्या बाजूस जातो, याची मराठी-इंग्रजी यादी आमच्या विभागाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगी आहे. ‘थकलेला’ व ‘रागावलेला’ यांना इंग्रजीत विशेषण मिळते, ‘नटलेली’स तिसरे रूप मिळते, ‘वाकलेला’स प्रसंगानुसार दोन्ही मिळतात, आणि ‘रुसलेली’पाशी आले की तक्ता, कसोटी आणि कोश तिघेही गप्प होतात.